सात नंबरचा लाल

मळलेल्या पाण्याला पुन्हा निर्मळ करणे, याहून थोर पुण्यकर्म मानवजातीच्या हातून आजवर घडलेले नाही. हे वाक्य सूत रंगवण्याच्या त्या कारखान्यात, मागच्या बाजूला असलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटच्या दारावर पितळी पाटीत कोरलेलं होतं. पाटीच्या बरोबर खालून एक गटार वाहत होतं, आणि त्यातलं पाणी गुलाबी होतं.

गुलाबी म्हणजे अगदीच वाईट नव्हे. आत जाताना ते लालभडक असायचं. म्हणजे पुण्यकर्म घडत होतं, पण अर्धवट. आणि गेला दीड महिना ते रोज थोडं जास्तच अर्धवट घडत होतं.

या प्लांटचे प्रमुख, आणि खरं सांगायचं तर प्रमुखांच्या हाताखालचे सगळेही, एकच गृहस्थ होते. त्यांना कारखाना फिकटराव म्हणे. हे नाव रंगखात्याने ठेवलं होतं. जो माणूस आम्ही चढवलेला रंग उतरवण्याचा पगार घेतो, त्याला दुसरं काय म्हणायचं, असं रंगखात्याचं म्हणणं. फिकटराव रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि स्वभावाने गरीब होते. त्यांनी ते नाव इतकं निमूट स्वीकारलं, की फोन उचलल्यावरही ते "फिकट बोलतोय" म्हणत.

प्लांटचं तत्त्व ते कुणालाही हौसेने समजावून सांगत. जखमेवर लावतात ते पेरॉक्साइड असतं ना, त्याचाच कितीतरी तिखट भाऊ लाल पाण्यात घालायचा. मग ते पाणी अतिनील दिव्यांच्या भोवतीने फिरवायचं. त्या प्रकाशात पेरॉक्साइडच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे होतात. "म्हणजे दोन अर्धवट तयार होतात," फिकटराव सांगत, "आणि अर्धवटाइतकं आक्रमक या जगात काही नसतं. समोर दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. रंग दिसला, रंगावर. फोडून टाकतात." हे ऐकून लोक आपापल्या साहेबाकडे एकदा पाहत आणि तत्त्व पटल्यासारखी मान हलवत.

अडचण अशी, की येत्या गुरुवारी सरकारी तपासनीस येणार होत्या. आत जाणाऱ्या पाण्यातला नव्वद टक्के रंग बाहेर पडेपर्यंत गेलेला दिसला, तर ठीक. नाही दिसला, तर प्लांट बाहेरच्या ठेकेदाराकडे आणि फिकटराव गोदामात. व्यवस्थापक साहेबांनी हे त्यांना फार सौम्यपणे सांगितलं होतं. "गोदामात टेबल रिकामं करून ठेवलंय. खिडकी नाहीये, पण शांतता आहे. तुमच्या स्वभावाला मानवेल."

सोमवारच्या तपासणीत रंग गेला होता चव्वेचाळीस टक्के.

फिकटरावांनी जे कुठल्याही सुशिक्षित माणसाने केलं असतं तेच केलं होतं. औषध लागू पडेना म्हणून ते औषध वाढवत गेले होते. एका मापाची दोन मापं, दोनाची चार. पण या औषधाची खोड अशी, की प्रमाणाबाहेर घातलं की ते अर्धवट रंगाला सोडून आपसांतच मारामारी करतात. त्यामुळे चार मापांना पाणी दोन मापांपेक्षा जास्त गुलाबी येऊ लागलं. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. फिकटरावांनी ते वाचलेलंही होतं. पण गोदामाचं टेबल डोळ्यांसमोर असलं की पुस्तकातली ओळ दिसत नाही.

त्यात सासरे. फिकटरावांचे सासरे म्हणजे त्याच कारखान्यातले रंगमास्तर. तीस वर्षं रंगखातं त्यांच्या हाताखाली होतं, आणि 'सात नंबरचा लाल' ही त्यांची स्वतःची निर्मिती. उन्हात ठेवा, उकळा, धोपटा, तो हलत नसे. या लालाचा पहिला घाणा निघाला तेव्हा रंगवलेला एक रुमाल त्यांच्या खिशात कायम असे. अठरा वर्षं रोज धुतला जाऊनही तो काल दुकानातून आणल्यासारखा होता. असा माणूस जावयाला पाण्यात पाहणार नाही तर काय करणार? आणि तेही गुलाबी पाण्यात.

सोमवारी ते नेहमीप्रमाणे लेकीकडे जेवायला आले.

"काय जावईबापू, किती गेला?"

"चव्वेचाळीस टक्के."

"म्हणजे छप्पन्न टक्के आमचा." सासऱ्यांनी समाधानाने रुमालाला हात पुसले. "अहो, मी तीस वर्षं एकच प्रार्थना केली, की माझा रंग जाऊ नये. आता ती ऐकली गेली, याला मी काय करू?"

"बाबा, जेवा," लेक म्हणाली.

"जेवतोच आहे. मी फक्त पक्का रंग कशाला म्हणतात ते सांगतोय."

फिकटराव सहसा उलट बोलत नसत. पण त्या दिवशी त्यांना चव्वेचाळीस टक्के राग आला होता. "बाबा, एक विचारू? रंग एवढा पक्का आहे, तर तो सुतावर राहायचा सोडून माझ्याकडे येतो कसा?"

रंगमास्तरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी पाणी मागितलं, आणि जेवण संपेपर्यंत ते फक्त हवापाण्यावर बोलले.

मंगळवारी सकाळी फिकटरावांच्या अंघोळीचं पाणी कोमटच राहिलं. बादलीत सोडायची तापवायची कांडी अर्धा तास लावलेली होती आणि तिचा लाल दिवा इमानदारीने पेटलेला होता. बायकोने बटण बंद केलं, प्लग काढला, कांडी बाहेर काढून फिकटरावांच्या नाकासमोर धरली. कांडीवर पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर.

"हे बघा. आतून तापतेय, पण बाहेर काही पोचत नाही. दर महिन्याला व्हिनेगरमध्ये बुडवून घासायला सांगते, तर तुम्ही..." ती बोलता बोलता थांबली. "अहो, तुमचे ते दिवे कशात असतात?"

"काचेच्या नळीत. म्हणजे साधी काच नव्हे, खास असते."

"आणि नळी?"

"पाण्यात."

"कधी पुसली?"

फिकटराव म्हणाले, "दिवे सगळे चालू आहेत. पॅनेलवर बाराच्या बारा हिरवे."

"दिवा पेटलाय का ते विचारत नाहीये मी. उजेड बाहेर पडतोय का ते विचारतेय."

दिव्याखाली अंधार ही म्हण फिकटरावांना शाळेपासून पाठ होती. दिव्याभोवतीही असतो, हे त्यांना त्या दिवशी कांडीने शिकवलं. ते अंघोळ न करताच कारखान्यात गेले.

पहिलं वर्षभर प्लांट बसवणाऱ्या कंपनीची माणसं दर पंधरवड्याला येऊन नळ्या पुसून जात. वर्ष संपलं, माणसं गेली, आणि नळ्या पुसण्याचं काम कुणाकडे गेलं हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. फिकटरावांनी मंगळवारी ते विचारलं, तेही लेखी, तीन विभागांना. त्या कारखान्यात नकार हे एकच काम तासाभरात होत असल्याने तिन्ही उत्तरं दुपारच्या आत आली. स्वच्छता विभागाने कळवलं, की नळी हा यंत्राचा भाग असून यंत्रांना हात लावणे आमच्या कक्षेत येत नाही. यंत्र विभागाने कळवलं, की पुसणे ही दुरुस्ती नव्हे. भांडार विभागाने कळवलं, की पुसायचं फडकं मिळेल, मात्र पुसणाऱ्या विभागाची मागणी हवी. यंत्र विभागाच्या पत्राखाली हाताने एक ओळ जास्तीची होती: 'नळी फुटल्यास कळवावे.'

स्वतः पुसाव्यात, तर फिकटरावांच्या हाताला काच टिकत नसे. घरात पाण्याचे सहा ग्लास होते, त्यांतले पाच त्यांनी घालवले होते, आणि सहावा स्टीलचा होता.

बुधवारी सकाळी ते ऑफिसच्या जिन्यात काचवाल्या मावशींसमोर जाऊन उभे राहिले. मावशींकडे ऑफिसच्या सत्तावीस खिडक्या होत्या, आणि वीस वर्षांत त्यांच्या हातून एका काचेला ओरखडा पडलेला नव्हता.

"मावशी, एक काम होतं. काचेचंच आहे."

"आज नका सांगू बाई काही. उद्या पाहुणे यायचेत, साहेबांनी सगळ्या खिडक्या लख्ख सांगितल्यात."

"गोल काच आहे."

मावशींचा हात थांबला. "गोल?"

"मीटरभर लांब. बारा आहेत. बाहेरून क्षार बसलाय."

वीस वर्षं सपाट काच पुसलेल्या बाईला एवढं पुरे होतं. मावशींनी बादली उचलली. "चला. खिडक्या काय, कुठे पळून जातायत थोड्याच."

फिकटरावांनी वीज बंद केली, स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, पाणी सोडून दिलं आणि झाकण उघडलं. एकेक नळी बाहेर आली. ती काच आहे हे सांगावं लागलं असतं. तिच्यावर तपकिरी, खरखरीत साल चढली होती.

मावशींनी एक नळी हातमोज्यात धरून फिरवून पाहिली. "अगं आई! यातनं उजेड यायचा म्हणता? साहेब, ही काच नाही, ही मुळी आहे मुळी." मग त्यांनी सायट्रिक आम्लाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशा एकेक नळी न्हाऊ घालू लागल्या. फिकटराव दोन पावलं लांब, हात पाठीशी बांधून उभे राहिले. ही अट मावशींची होती.

दुपारी नळ्या परत बसल्या. फिकटरावांनी औषध चार मापांवरून मुकाट्याने एकावर आणलं आणि टाकीत उरलेलं थोडं लाल पाणी फिरवलं. पन्नास मिनिटांनी नमुना काढला. बाटली रिकामीच आहे असं समजून मावशींनी ती उलटी करून विसळायला घेतली, आणि पाणी त्यांच्या साडीवर सांडलं. साडीवर डाग पडला नाही. फिकटरावांनी त्या दिवशी बायकोसाठी नवी पाणी तापवायची कांडी नेली. त्यांच्या मते ती प्रेमभेट होती.

गुरुवारी सकाळी ते शीळ घालत कारखान्यात शिरले, आणि कच्च्या पाण्याच्या टाकीशी येऊन त्यांची शीळ बंद पडली.

टाकीचा तळ दिसत होता. तळाशी एक बूट होता, यंत्र विभागाच्या प्रमुखांचा, गेल्या वर्षी हरवलेला. पाणी इतकं नितळ होतं, की बुटाची नाडी कशी बांधली आहे हेसुद्धा कळत होतं.

पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर आवरतो. व्यवस्थापक साहेबांनी कारखाना आवरला होता. बुधवारी संध्याकाळपासून रंगखातं बंद ठेवून त्यांनी सगळ्या टाक्या घासून घेतल्या होत्या आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरल्या होत्या. बूट यंत्र विभागाचा, म्हणून स्वच्छता विभागाने त्याला हात लावला नव्हता. "कशी वाटते टाकी?" ते हात चोळत म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला कष्ट नकोत."

फिकटराव काही बोलायच्या आत तपासनीस बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायांत गमबूट, हातात स्वतःच्या बाटल्या आणि स्वतःचं रंग मोजायचं यंत्र. त्यांनी चहा नको म्हटलं, हार नको म्हटलं, आणि आत जाणाऱ्या पाण्याची एक बाटली भरली. पाणी दिव्यांतून फिरून आल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याची दुसरी भरली. दोन्ही यंत्रात घालून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

"आत जाताना रंग दोन," त्या म्हणाल्या. "बाहेर येताना तीन."

"कशाचे?" व्यवस्थापकांनी हसून विचारलं.

"काहीही घ्या. पण हिशेबाने तुमचा प्लांट उणे पन्नास टक्के रंग काढतो. म्हणजे पाणी किंचित मळवतो."

"पण बाई, दोन्ही पाणी स्वच्छ आहे!"

"पाणी स्वच्छ आहे का, हे मला विचारलेलंच नाही. किती रंग काढला, ते विचारलंय. नसलेला रंग तुम्ही काढणार कुठून?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

फिकटरावांच्या तोंडचं पाणी पळालं, तेही बिनरंगीच. "मॅडम, एक-दीड तास द्या. खरं पाणी आणतो."

बाईंनी घड्याळ पाहिलं, मग पेनाला टोपण लावलं. "मी डबा खाऊन घेते."

फिकटराव रंगखात्याकडे पळाले. सगळं खातं बंद होतं. रंगमास्तर एकटे एका पिंपावर बसून पेपर वाचत होते.

"बाबा, रंग द्या."

"कशाला?"

"पाण्यात ओतायला."

रंगमास्तरांनी पेपर खाली ठेवला. "तीस वर्षांत मी एक थेंब वाया घालवला नाही. आणि तुम्ही गटारात ओतायला मागताय?"

"गटारात नाही, माझ्या टाकीत. नाहीतर मी गोदामात जातो."

"गोदाम वाईट नाही. शांतता असते, म्हणतात."

"बरं, कुठलाही द्या. पिवळा द्या. निळा द्या. सात नंबर नकोच, तो माझ्या दिव्यांना झेपायचा नाही."

फिकटराव हे खरंच मनापासून म्हणाले होते. पण जन्मभरात एवढा धूर्तपणा त्यांना ठरवून साधला नसता. रंगमास्तर सावकाश उठले. "नको? का नको? म्हणजे उद्या गावभर सांगायला मोकळे, की दिव्याने रंग पळवला, पण मास्तरांचा लाल समोर आणला नव्हता." त्यांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. "चला. आज होऊनच जाऊ दे."

पुढचा देखावा त्या कारखान्याने पूर्वी पाहिलेला नव्हता. रंगमास्तर एका हाताने बादली आणि दुसऱ्या हाताने ढवळायची काठी घेऊन पुढे, बादलीची दुसरी कडी धरून फिकटराव मागे, आणि दोघे पाणी घाण करायला धावत निघालेले. वाटेत व्यवस्थापक आडवे आले.

"अहो! काय करताय? आत तपासनीस बसल्यात, आणि तुम्ही पाणी मळवताय?"

"त्यांच्यासाठीच, साहेब," फिकटराव धापा टाकत म्हणाले. "जरा हात लावा, सांडतंय."

सांडतंय म्हटल्यावर हात लावायचा, हे व्यवस्थापकांच्या हाताला त्यांच्या हुद्द्यापेक्षा आधी कळलं. त्यामुळे तपासनीस बाई डबा धुवायला नळाशी आल्या, तेव्हा त्यांना कारखान्याचे सर्वोच्च अधिकारी स्वच्छ पाण्यात बादलीभर लाल रंग ओतताना रंगेहाथ सापडले.

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "आता कुठे कारखान्यासारखं दिसतंय."

बाईंनी पहिली बाटली भरली. ती रक्तासारखी होती. फिकटरावांनी एक माप औषध घातलं, जास्त एक थेंब नाही, आणि दिवे लावले. दर दहा मिनिटांनी एक बाटली भरून ते कठड्यावर मांडू लागले. दुसरी डाळिंबी होती. तिसरीला गुलाबी म्हणता आलं असतं. इथपर्यंत रंगमास्तर हाताची घडी घालून, निकाल माहीत असलेल्या माणसासारखे उभे होते. चौथ्या बाटलीला त्यांची घडी सुटली. पाचव्या बाटलीत गुलाबी रंगाची नुसती अफवा होती. सहाव्या बाटलीतून पलीकडे बसलेल्या मावशी जशाच्या तशा दिसत होत्या, आणि त्या हसत होत्या.

"सत्त्याण्णव टक्के," बाई म्हणाल्या, आणि लिहू लागल्या.

फिकटरावांना ओरडावंसं वाटलं. पण शेजारी सासरे होते. अठरा वर्षांचा त्यांचा लाल सहा बाटल्यांत संपला होता. ते सहावी बाटली उजेडासमोर धरून पाहत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यावर ती बाटली रिकामी केली, खसाखसा चोळला, पिळला आणि झटकला. रुमाल होता तसाच होता. लालभडक.

"हं," रंगमास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "सोमवारपासून विचार करत होतो मी. ऐका जावईबापू. जो सुताला धरून राहिला, तो रंग माझा. जो सुटून तुमच्याकडे आला, तो मुळात माझा नव्हताच. त्याचं काय करायचं ते करा."

"म्हणजे जिंकलं कोण, बाबा?"

"सोमवारी जेवायला येतो, तेव्हा ठरवू. आणि त्या कांडीला व्हिनेगर लावायला सांगा पोरीला. मागच्या वेळी हात धुवायला पाणी गार होतं."

अहवाल आठवड्याने आला. रंगनिर्मूलन सत्त्याण्णव टक्के, प्लांट समाधानकारक. फिकटरावांचं गोदाम टळलं. तिथलं टेबल बुटाच्या मालकाला मिळालं, कारण टाकीत बूट कसा गेला याचा खुलासा त्याला देता आला नाही. अहवालाच्या शेवटी, 'इतर निरीक्षणे' या मथळ्याखाली, एकच शेरा होता: 'कार्यालयाच्या खिडक्यांच्या काचा अत्यंत धुळकट आढळल्या. लक्ष द्यावे.'

व्यवस्थापकांनी लक्ष दिलं. यापुढे काचवाल्या मावशींनी खिडक्यांखेरीज अन्य काचेला हात लावू नये, असा हुकूम निघाला. यंत्र विभागानेही आपलं कर्तव्य केलं. प्लांट समाधानकारक ठरल्याने त्याच्या झाकणाला लाखेची मोहोर लावून वर चिठ्ठी डकवली, 'समाधानकारक. उघडू नये.' फिकटरावांनी मोहोर काढण्यासाठी तीन विभागांना अर्ज केले आहेत, आणि या वेळी उत्तरांना वेळ लागतोय, ही त्यांच्या मते आशेची गोष्ट आहे.

याला आता दोन महिने झाले. ऑफिसच्या सत्तावीस खिडक्या आरशासारख्या लख्ख असतात, आणि त्यांतून मागचं गटार अगदी स्पष्ट दिसतं. ते गुलाबी आहे.